पैसा कोणाचा, सही कोणाची, अहवाल कोणाला: आंतरराष्ट्रीय पर्यावरण प्रकल्पांत शिरू पाहणाऱ्या नागपूरकरांसाठी

नागपुरात पर्यावरणशास्त्र, सिव्हिल, कृषी किंवा समाजकार्य शिकलेली पुष्कळ मुलं-मुली सांगतात, 'मला यूएनमध्ये काम करायचंय.' या एका 'यूएन'मध्ये निदान पाच जातीच्या संस्था कोंबलेल्या असतात: करारांची सचिवालयं, यूएनच्या संस्था, निधी, विकास बँका आणि एकेका देशाच्या कर्ज देणाऱ्या संस्था. त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत तोवर अर्ज कुठे करायचा हेही ठरत नाही. ओळखायची सोपी रीत म्हणजे प्रत्येक प्रकल्पाला तीन प्रश्न विचारायचे. पैसा कोणाचा? सही कोणाची? अहवाल कोणाला?

आधी करार. 1992 च्या रिओ परिषदेत हवामान बदल आणि जैवविविधता हे दोन करार सह्यांसाठी खुले झाले, वाळवंटीकरणाचा 1994 मध्ये आला. त्यांची सचिवालयं अनुक्रमे बॉन, मॉन्ट्रियल आणि पुन्हा बॉन इथे आहेत. घातक कचऱ्याचा बासेल करार (1989), धोकादायक रसायनांच्या व्यापाराचा रॉटरडॅम करार (1998) आणि वर्षानुवर्षं न विघटणाऱ्या प्रदूषकांचा स्टॉकहोम करार (2001) असे तीन स्वतंत्र करार आहेत, पण त्यांचं सचिवालय आता एकत्र, जिनिव्हात चालतं. सचिवालय गावात येऊन प्रकल्प राबवत नाही. ते बैठका भरवतं, देशांचे अहवाल गोळा करतं, मसुदे लिहितं. तिथे जागा थोड्या आणि बहुतेक कायदा किंवा धोरणाच्या. मात्र स्टॉकहोम कराराचं एक विभागीय केंद्र आपल्या नीरीत, म्हणजे नागपुरातल्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेत आहे, आणि आशियातल्या देशांना प्रशिक्षण व तांत्रिक मदत देणं हे त्याचं काम. रसायनशास्त्र किंवा पर्यावरण अभियांत्रिकीवाल्यांना करारांचं काम जवळून बघायचं असेल, तर जिनिव्हाआधी वर्धा रोडच्या नीरीकडे बघावं.

मग यूएनच्या संस्था: पर्यावरणाची नैरोबीतली यूएनईपी, विकासाची न्यूयॉर्कमधली यूएनडीपी, अन्न आणि शेतीची रोममधली एफएओ, औद्योगिक विकासाची व्हिएन्नातली युनिडो. एकाच देशात या सगळ्या एकाच खात्याच्या दारात उभ्या राहू नयेत म्हणून प्रत्येक देशात रेसिडेंट कोऑर्डिनेटर असतो. पूर्वी हे पद यूएनडीपीच्या प्रमुखाकडेच असायचं. 1 जानेवारी 2019 पासून ते वेगळं झालं. भारतात सर्व संस्थांचा मिळून नीती आयोगाबरोबर 2023 ते 2027 चा सहकार्य आराखडा आहे. मुलाखतीला जाण्याआधी तो वाचलेला असावा, कारण कुठलीही संस्था आपला नवा प्रकल्प त्यातल्या कुठल्या तरी निष्पत्तीखाली, म्हणजे ठरवलेल्या अपेक्षित परिणामाखाली, बसवून दाखवते. जागतिक पातळीवर यूएन संस्थांच्या पर्यावरणकामाचा मेळ घालायला 2001 पासून एन्व्हायर्न्मेंट मॅनेजमेंट ग्रुप आहे आणि यूएनईपीचे प्रमुख त्याचे अध्यक्ष असतात. परीक्षेसाठी लक्षात ठेवा. रोजच्या कामात त्याचा फारसा संबंध येत नाही. आमच्या मते खरं समन्वयन बैठकांत कमी आणि पैशाच्या वाटेवर जास्त होतं, म्हणून ती वाट नीट समजून घ्या.

उदाहरण जागतिक पर्यावरण सुविधेचं, म्हणजे जीईएफचं. ती 1991 पासून आहे. तिची तिजोरी सांभाळायला जागतिक बँक, पण पैसा जातो 18 मान्यताप्राप्त संस्थांमार्फत, ज्यांत यूएनडीपी, यूएनईपी, एफएओ, युनिडो आणि जागतिक बँक स्वतःही आहे. एखाद्या राज्याच्या खात्याला कल्पना सुचली तरी ते थेट अर्ज करू शकत नाही. आधी दिल्लीत, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयात बसणाऱ्या ऑपरेशनल फोकल पॉइंटचं, म्हणजे जीईएफसाठी देशाच्या वतीने संमती देणाऱ्या अधिकाऱ्याचं, संमतिपत्र लागतं. मग निवडलेली संस्था थोडक्यात संकल्पना मांडते, जीईएफची परिषद ती कामाच्या यादीत घेते, तयारीसाठी छोटं अनुदान मिळतं, त्यातून पूर्ण प्रकल्प दस्तऐवज बनतो आणि शेवटी जीईएफच्या सीईओची मंजुरी. त्यानंतर भारतातल्या अंमलबजावणी करणाऱ्या भागीदाराशी करार, कर्मचारी भरती, पहिली खरेदी. संकल्पनेपासून पहिल्या रुपयापर्यंत बराच काळ जातो. त्या काळात संकल्पना लिहिणारा अधिकारी बदलून गेलेला असतो, आणि नव्याला हा प्रकल्प आपल्या गळ्यात का पडला हेच कळत नाही.

आता हिशेब. समजा अनुदान 50 लाख डॉलरचं आहे. ज्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत पैसा येतो तिची फी 9.5 टक्के, म्हणजे 4.75 लाख डॉलर, ही वेगळी मिळते. प्रकल्प व्यवस्थापनावर खर्चाची मर्यादा 5 टक्के. कार्यालय, लेखापाल, समन्वयक आणि लेखापरीक्षण हे सगळं अडीच लाख डॉलरच्या आत, तेही चार-पाच वर्षांसाठी. गाडी घेण्याला जीईएफचा नकारच असतो म्हणा. म्हणून 'सह-वित्तपुरवठा' नावाचा, म्हणजे इतरांकडून येणाऱ्या वाट्याचा, रकाना मोठा दिसतो: राज्याची चालू योजना, दिलेली जागा, कर्मचाऱ्यांचा वेळ. त्याची पत्रं मंजुरीच्या वेळी गोळा केली जातात आणि मध्यावधी आढाव्यात पुरावा मागितला जातो. पुरावा ठेवण्याचं काम कोणाचं हे पहिल्या महिन्यात ठरलं नाही, तर तिसऱ्या वर्षी कोणाकडेच कागद सापडत नाही. प्रकल्पात नव्याने रुजू झालात तर पहिल्या आठवड्यात ही फाइल मागून घ्या.

हवामानाच्या ग्रीन क्लायमेट फंडाची वाट थोडी वेगळी आहे. त्याचं मुख्यालय दक्षिण कोरियात, इंचॉनमध्ये. तिथे देशाचं ना-हरकत पत्र लागतं, आणि पैसा मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच येतो. भारतातल्या नाबार्ड आणि सिडबी या दोन्हींना ती मान्यता आहे. म्हणजे यूएनच्या कुठल्याच संस्थेत नोकरी न करताही हे काम करता येतं. हे फार कमी जणांच्या लक्षात येतं.

एकेका देशाच्या संस्थांना यूएन समजू नका. नागपूर मेट्रोला जर्मनीच्या केएफडब्ल्यूने 50 कोटी युरो आणि फ्रान्सच्या एएफडीने 13 कोटी युरो कर्ज दिलं. नाग नदीच्या प्रदूषण निवारणाचा 1,926.99 कोटींचा प्रकल्प राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेखाली मंजूर झाला, आणि त्यात जपानच्या जायकाचं कर्ज आहे. या कर्जांबरोबर त्या त्या संस्थेचे खरेदीचे नियम आणि पर्यावरण-सामाजिक अटी येतात. इथे काम मिळतं ते सल्लागार कंपन्यांत, प्रकल्प व्यवस्थापन कक्षात, महापालिकेच्या बाजूने. पुनर्वसन आराखडा, तक्रार निवारण नोंदवही, वृक्षतोडीची भरपाई, धूळ आणि आवाजाचं मोजमाप ही कामं कोणीतरी रोज करतंच. सुरुवात म्हणून ती उत्तम.

आता सगळ्यात जास्त गोंधळ कुठे होतो ते सांगतो. एकाच टेबलावर तीन दिनदर्शिका असतात. राज्य शासनाचं वर्ष एप्रिल ते मार्च, यूएन संस्थांचं जानेवारी ते डिसेंबर, जीईएफचा वार्षिक अंमलबजावणी अहवाल जुलै ते जून. 'या वर्षी किती शेतकरी?' या प्रश्नाला तीन खरी उत्तरं असू शकतात. म्हणून नोंदी महिन्यावार ठेवा, वर्षाची बेरीज नंतर करा. वार्षिक बेरजेवरून महिने काढता येत नाहीत.

दुसरं म्हणजे एककं. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, शेतकरी बोलतो एकरात, दस्तऐवजातलं लक्ष्य हेक्टरमध्ये. 0.81 हेक्टर म्हणजे दोन एकर. सर्वेक्षकाने हेक्टरच्या रकान्यात '2' लिहिलं की क्षेत्र अडीचपट फुगतं, आणि बेरजेत ते कोणाला दिसतही नाही. फॉर्ममध्ये एककाचा वेगळा रकाना ठेवा, रूपांतर संगणकावर सोडा. चलनाचंही तसंच. यूएन संस्था खर्च डॉलरमध्ये नोंदवतात, तेही यूएनने ठरवलेल्या त्या महिन्याच्या दराने. बँकेच्या दराने काढलेला तुमचा आकडा त्यांच्याशी जुळणार नाही. चूक कोणाचीच नसते, पण स्पष्टीकरण तुम्हालाच लिहावं लागतं.

तिसरी गोष्ट दुहेरी मोजणीची. तीन प्रशिक्षणांना आलेली एकच बाई तीन लाभार्थी होते. हजेरीपटावर गाव, नाव आणि कुटुंबाचा प्रकल्प-क्रमांक असेल तर हे टळतं. त्यासाठी आधार क्रमांक गोळा करू नका. त्याची गरज नसते आणि जबाबदारी मोठी असते. आणि 'प्रशिक्षण दिलं' हे केलेलं काम झालं, परिणाम नव्हे. परिणाम म्हणजे पुढच्या हंगामात किती जणींनी पाणी किंवा फवारणीची पद्धत प्रत्यक्ष बदलली. सुरुवातीची स्थिती, म्हणजे बेसलाइन, काम सुरू होण्याआधी मोजली नसेल तर हा बदल शेवटी कुठल्याच हुशारीने सिद्ध होत नाही.

शाश्वत विकास ध्येयांच्या आकड्यांतही हीच काळजी घ्या. 17 ध्येयं, 169 लक्ष्यं, आणि प्रत्येक निर्देशकाची पालक-संस्था, म्हणजे त्याच्या जागतिक आकड्यांची जबाबदारी असलेली संस्था, ठरलेली आहे. सांडपाण्याच्या निर्देशक 6.3.1 साठी जागतिक आरोग्य संघटना, यूएन-हॅबिटॅट आणि यूएनचा सांख्यिकी विभाग. भारतात आकडे सांख्यिकी मंत्रालयाच्या राष्ट्रीय निर्देशक चौकटीतून जातात, तर नीती आयोगाचा 2018 पासूनचा निर्देशांक निवडक निर्देशकांवर उभा आहे. दोन्हींची तुलना करून लेख लिहू नका. शिवाय भांडेवाडीचा 200 एमएलडीचा (दिवसाला 200 दशलक्ष लिटर) सांडपाणी प्रकल्प म्हणजे 200 एमएलडी पाणी रोज शुद्ध होतं असा अर्थ नाही. ती क्षमता झाली. प्रक्रिया झालेलं पाणी आणि त्याची गुणवत्ता वेगळी विचारावी लागते. मुलाखतीत हा फरक सांगता आला तर समोरच्याला कळतं की उमेदवाराने आकडे हाताळलेत.

सराव कसा करायचा? नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प घ्या. जागतिक बँकेने 2018 मध्ये 42 कोटी डॉलरचं कर्ज दिलेला. पहिल्या टप्प्यात नागपूर नव्हतं, पण वर्धा, यवतमाळ, अमरावती होते. त्याचा मूल्यांकन दस्तऐवज आणि नंतरचे प्रगती अहवाल बँकेच्या संकेतस्थळावर खुले आहेत. मूल्यांकन दस्तऐवजात सरळ निष्पत्ती-तक्ता उघडा. एकेक निर्देशक, बेसलाइन आणि लक्ष्य वहीत उतरवा, मग एकामागून एक प्रगती अहवालात तो आकडा कसा सरकला, कुठे लक्ष्यच बदललं ते बघा. मग पहिल्या पानाच्या सुंदर प्रस्तावनेकडे परत या. असे दोन प्रकल्प वाचले की कुठल्याही अभ्यासक्रमापेक्षा जास्त कळतं. एक बारकावा: हा प्रकल्प बँकेच्या जुन्या सुरक्षा धोरणांखाली मंजूर झाला. दहा मानकांची नवी पर्यावरण-सामाजिक चौकट ऑक्टोबर 2018 पासूनची आहे. नव्या प्रकल्पांसाठी तीच वाचा.

स्वयंसेवी संस्थेतून सुरुवात करणार असाल तर परदेशी देणग्यांचा कायदा, एफसीआरए, समजून घ्या. 2020 च्या दुरुस्तीनंतर परदेशी पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतल्या खात्यातच येतो, प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांवर नेता येत नाही, आणि मिळालेली रक्कम दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. मोठी संस्था गावातल्या छोट्या संस्थेला निधी देईल ही जुनी रचना त्यामुळे मोडली. यूएन आणि जागतिक बँक मात्र या कायद्यात परदेशी स्रोत धरले जात नाहीत. प्रस्तावाच्या अंदाजपत्रकात हा फरक न कळल्याने चांगले प्रस्ताव अडतात.

नोकरीबद्दल स्पष्टच बोलू. पर्यावरणाची पदवी असलेले भरपूर मिळतात. खरेदी, हिशेब, देखरेख आणि क्यूजीआयएस (नकाशे करण्याचं सॉफ्टवेअर) येणारे कमी. यातली एक गोष्ट पक्की करा. पहिली दोन-तीन वर्षं जिल्हा पातळीवरच्या प्रकल्पात काढा, कारण राष्ट्रीय अधिकारी पदाच्या सर्वात खालच्या, एनओ-ए, पातळीलाही मोजता येईल असा अनुभव विचारतात. यूएन व्हॉलंटियर्समध्ये 18 ते 26 वयासाठी युवा आणि 27 पासून स्पेशालिस्ट असे गट आहेत, आणि भारतातल्या जागा तिथूनही भरतात. तरुणांना यूएन सचिवालयात घेणाऱ्या यंग प्रोफेशनल्स प्रोग्रामला वयाची अट 32 आहे आणि पात्र देशांची यादी दर वर्षी बदलते. यूएन सचिवालयाची इंटर्नशिप बिनपगारी असते. न्यूयॉर्क किंवा जिनिव्हातला राहण्याचा खर्च आधी मांडून मगच अर्ज करा.

अर्जात 'समन्वय केला' असं लिहू नका. किती गावं, किती रकमेचं अंदाजपत्रक, कोणत्या अहवालावर तुमचा हात होता ते लिहा. मुलाखत बहुधा क्षमतांवर आधारित असते: प्रसंग, तुम्ही स्वतः काय केलं, त्यातून काय निघालं. 'आम्ही' कमी, 'मी' जास्त. भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर यूएन पैसे घेत नाही. कोणी प्रक्रिया शुल्क मागितलं तर तो फसवणारा आहे. सचिवालयाच्या इन्स्पिरा पोर्टलवरची मुदत न्यूयॉर्कच्या मध्यरात्री संपते, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हाळ्यात साडेनऊला आणि हिवाळ्यात साडेदहाला. पोर्टल शेवटच्या तासात हळू चालतं, म्हणून आदल्या संध्याकाळीच पाठवा.