आव पुन्हा पुन्हा पडते? या चुका टाळा

निंदणाच्या दिवसांत पोटात मुरडा येतो, आठ-दहा वेळा शौचाला जावं लागतं, आव आणि रक्त पडतं. गोळीनं दोन दिवसांत थांबतं अन् महिन्याभरात पुन्हा तेच. दोष गोळीचा कमी, घेण्याचा जास्त.

जंतनाशक दिनाला मिळणारी अल्बेंडाझोलची एक गोळी जंतांसाठी असते. पुन्हा पुन्हा पडणाऱ्या आवेमागे अमिबा असू शकतो. तो एकपेशीय जीव, एका गोळीनं हटत नाही. त्यावर मेट्रोनिडाझोल देतात. ती आतड्याच्या भिंतीतला अमिबा मारते, पण आतड्याच्या पोकळीतले कोश, म्हणजे कवचातले अमिबा, मागे उरतात. म्हणून चिठ्ठीत पुढं डायलोक्झनाइड असतं: मोठ्यांना 500 मिलीग्रॅम, दिवसातून 3 वेळा, 10 दिवस. आता बरं वाटतंय म्हणून हीच गोळी सोडली जाते, आणि आजार तिथूनच परततो. मेट्रोनिडाझोल चालू असताना व संपल्यावर 3 दिवस दारू नको, मोहाचीही नको; मळमळ आणि ओकाऱ्या होतात.

तपासणीतही घोळ होतो. पातळ शौच अर्ध्या तासात सूक्ष्मदर्शकाखाली जायला हवं. सकाळची डबी दुपारच्या एसटीनं तालुक्याला पोचेपर्यंत हलणारे अमिबा मेलेले असतात आणि रिपोर्ट 'निल' येतो. नमुना प्रयोगशाळेतच द्या, कोरड्या डबीत. लघवी किंवा पाणी मिसळू देऊ नका. औषध सुरू करण्याआधी द्या. एक निल आला तरी एक दिवसाआड आणखी दोन द्या. रक्त नाही, पण शौच तेलकट, उग्र वासाचं आणि पोट फुगलेलं असेल, तर जिआर्डिया या दुसऱ्या एकपेशीय जीवाचा संशय धरा.

पाण्याचं म्हणाल, तर तुरटीनं गाळ बसतो, कोश मरत नाहीत. कोश असतो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. चारपदरी फडक्यातूनही निसटतो. विहिरीतल्या नेहमीच्या ब्लीचिंग पावडरलाही बऱ्याचदा दाद देत नाही. गंजात (पातेल्यात) पाणी खळखळ उकळू द्या, मग 1 मिनिट तसंच ठेवा. एवढं करून माठात हात घालून पेला बुडवला, की मेहनत वाया. लांब दांड्याचं वगराळं वापरा. भाजीवर वरून टाकायचा सांबारही (कोथिंबीर) उकळलेल्या पाण्यानंच धुवा.

रक्त पडत असताना जुलाब बांधणारी लोपरामाइड घेऊ नका. ओआरएसचं मोठं पाकीट 1 लिटर पाण्यात पूर्ण टाका, 24 तासांत संपवा.

ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखणं असेल, तर हगवण नसली तरी यकृतात गळू असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा, सोनोग्राफी करून घ्या.