नवी आलिशान गाडी: मानांकन आणि मालकांचे अनुभव कसे पडताळावेत

अमेरिकेत नवी आलिशान गाडी घेताना मानांकनाचा आकडा कशावरून काढला आहे, हे आधी तपासावे. जे. डी. पॉवर या ग्राहक-सर्वेक्षण कंपनीची प्रारंभिक गुणवत्ता पाहणी पहिल्या 90 दिवसांतील तक्रारी मोजते, तर टिकाऊपणाची पाहणी तीन वर्षे जुन्या गाड्यांची असते; दोन्हींत दर 100 गाड्यांमागील तक्रारी दिलेल्या असतात, म्हणून आकडा जितका कमी तितका चांगला. त्यात फोन न जोडला जाणे ही एक तक्रार आणि गिअरबॉक्स निकामी होणे हीही एकच तक्रार धरली जाते, त्यामुळे तक्रारींचा विभागवार तपशील वाचलाच पाहिजे. कन्झ्युमर रिपोर्ट्स ही ग्राहकांसाठी गाड्या तपासणारी संस्था गंभीर दोषांना अधिक वजन देते, मात्र अगदी नव्या मॉडेलबाबत तिचे मानांकन हा पूर्वीच्या माहितीवरून बांधलेला अंदाज असतो.

मालकांच्या अनुभवांतील मोघम शेरे सोडून द्यावेत आणि ज्यांत मॉडेलचे वर्ष, इंजिन, गाडी किती मैल चालली आणि कोणता भाग बदलला हे लिहिले आहे, तेवढेच जमवावेत. एकच दोष अनेकांनी सारख्याच लक्षणांसह सांगितला असेल, तर एनएचटीएसए या वाहन सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर तक्रारी, रिकॉल (दोषामुळे गाड्या परत बोलावणे) आणि कंपनीने विक्रेत्यांना धाडलेल्या तांत्रिक सूचना पाहाव्यात. अशी सूचना निघाली असेल तर दोष कंपनीलाही ठाऊक आहे, आणि माझ्या मते हा पुरावा कोणत्याही मानांकनापेक्षा मोलाचा आहे. बीएमडब्ल्यू, मर्सिडीज यांची मूळ वॉरंटी चार वर्षे किंवा 50,000 मैलांची असते; त्यापुढेही गाडी ठेवायची असल्यास वॉरंटी संपलेल्या मालकांनी दुरुस्तीवर किती खर्च केला, हे आवर्जून शोधावे.