प्रत्येक घाण 'डर्टी' नसते: इंग्रजी बोलताना या चुका टाळा

आमच्या लिफ्टमध्ये एक कागद चिकटवलाय, 'प्लीज डोन्ट डू डर्टी हियर'. म्हणायचं होतं इथे घाण करू नका, आणि आपल्याला ते कळतंही, पण इंग्लंडमधला माणूस वाचेल तर गोंधळेल, कारण तिकडे कुणावर 'डू द डर्टी' करणं म्हणजे त्याला दगा देणं. तिथे सरळ 'प्लीज कीप द लिफ्ट क्लीन' लिहायचं, झालं काम.

मी शिकवण्या घेते, त्यामुळे ही गडबड रोज कानावर पडते. मूळ कारण असं की मराठीत 'घाण' हा एकच शब्द सगळीकडे चालतो, घाण पडलीये, घाण वास येतोय, घाण चव आहे, आणि मुलं तिन्ही ठिकाणी डर्टी टाकून मोकळी होतात. पडलेली घाण म्हणजे 'डर्ट', आणि ते मोजता येत नाही म्हणून 'डर्ट्स' कधीच नाही. 'देअर इज डर्टी ऑन द फ्लोअर' चूक, 'द फ्लोअर इज डर्टी' बरोबर. वासाला आणि चवीला तर डर्टी लावायचंच नाही, तिथे 'बॅड स्मेल' म्हणा नाहीतर 'इट स्टिंक्स', आणि चवीला 'टेस्ट्स अवफुल'. गंमत म्हणजे डर्ट हा शब्द मुळात जुन्या नॉर्स भाषेतल्या 'ड्रिट'वरून आला, त्याचा अर्थ विष्ठा, आणि पुढे बोलता बोलता त्यातल्या 'र' आणि 'इ'ची अदलाबदल झाली, आपल्याकडे नुकसानचं नुसकान होतं ना, तसंच.

माणसाबद्दल बोलताना मात्र खरंच जपा. कुणाचे कपडे मळले असतील तर 'हिज क्लोद्स आर डर्टी' म्हणा, 'ही इज अ डर्टी मॅन' म्हणालात तर ऐकणारा त्याच्या चारित्र्याबद्दल समजेल. डर्टी जोक म्हणजे चावट जोक, फालतू जोक नाही. आणि 'शी गेव्ह मी अ डर्टी लुक' याचा अर्थ बहुतेक जण वाईट नजर असा लावतात, पण तसं नाहीये, ती रागाने खाऊ की गिळू असं बघत होती एवढंच. डर्टी मनी म्हणजे गैरमार्गाने कमावलेला पैसा, आणि घरची भांडणं चव्हाट्यावर आणली की त्याला म्हणतात 'वॉशिंग डर्टी लिनन इन पब्लिक'.

आता मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट. एका मुलीने निबंधात लिहिलं, 'माय ग्रँडमदर सेज आय ॲम डर्टी, सो डोन्ट टच गॉड'. मी वाचून थांबलेच. आजी म्हणाली होती, पारोशाने देवाला हात लावू नकोस, म्हणजे आधी अंघोळ कर, बस. इंग्रजीत ती आजी एकदम दुष्ट वाटायला लागली, नातीला घाणेरडी म्हणणारी. तिथे 'आय हॅवन्ट हॅड माय बाथ येट' असं लिहायला हवं होतं. उष्ट्याचंही तेच, उष्टं पाणी काही डर्टी वॉटर नसतं, 'आय हॅव ऑलरेडी ड्रंक फ्रॉम धिस ग्लास' असं सांगावं लागतं, एका शब्दात ते बसतच नाही. खरकटी भांडी मात्र खुशाल डर्टी डिशेस म्हणा. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं ते 'मडी', आणि दिसायला स्वच्छ पण जंतू असलेलं पाणी 'कंटॅमिनेटेड', डॉक्टरांशी इंग्रजीत बोलताना हा फरक नक्की लक्षात ठेवा. ओशट डबा 'ग्रीसी'. पसारा म्हणजे 'मेस'. रूममेटच्या खोलीत नुसते कपडे-पुस्तकं पसरलेत आणि तुम्ही 'युअर रूम इज डर्टी' म्हणालात, तर त्याला वाटणार की हा मला अस्वच्छ म्हणतोय. 'मेसी' म्हणा, कुणाला राग येत नाही.

अमेरिकेत कुणी नातेवाईक असतील तर अजून एक. तिथे डर्ट म्हणजे साधी माती पण, त्यामुळे डर्ट रोड म्हणजे आपला कच्चा रस्ता, तो अस्वच्छ आहे असं कुणी म्हणत नाहीये. कुंडीत भरायला डर्ट आणली असं सुनेने फोनवर सांगितलं तर घाबरून जाऊ नका. आणि 'डर्ट चीप' म्हणजे अगदी मातीमोल भावाने, इथे दोन्ही भाषांचं डोकं किती सारखं चाललंय बघा, मला हे मुलांना सांगायला फार आवडतं.

राहिलं व्याकरण, ते थोडंसंच आहे. 'मोर डर्टी' लिहू नका, 'डर्टिअर' आणि 'डर्टिएस्ट', आणि स्पेलिंग लिहिताना शेवटचा वाय काढून आय करायचा, पेपरात मार्क इथेच जातात. 'डोन्ट डर्टी युअर शर्ट' हे वाक्य मुलांना चूक वाटतं पण ते बरोबर आहे, डर्टी क्रियापद म्हणूनही चालतं, फक्त बोलताना लोक जास्त करून 'डोन्ट गेट युअर शर्ट डर्टी' असंच म्हणतात.