सामाजिक शास्त्रांचा इतिहास वाचायचा तर आधी एक प्रश्न धरा

‘भारतातील सामाजिक शास्त्रांचा विकास स्पष्ट करा’ हा प्रश्न एम.ए.च्या पेपरांत इतक्यांदा येऊन गेलाय की गाईडवाल्यांनी त्याचं उत्तर पार गुळगुळीत करून टाकलंय. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग, पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस, १९२४ पासून गो. स. घुर्ये, मग त्यांचे विद्यार्थी एम. एन. श्रीनिवास, की संपलं. नावं बरोबर, सनावळ्याही बरोबर. पण या शास्त्रांनी इथे नेमकं काय शोधलं, कोणाच्या पैशाने शोधलं आणि कोणाला विचारलंच नाही, यातलं काही हाती लागत नाही. माझी सगळी नोकरी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात झाली. काउंटरवर येऊन ‘मॅडम, या विषयावर एक चांगलं पुस्तक द्या’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी सांगायचे, पुस्तक नंतर, आधी एक प्रश्न घेऊन या.

प्रश्न असा हवा की जो इंग्रजांच्या काळातही विचारला गेला आणि स्वातंत्र्यानंतरही. जात घ्या, दारिद्र्य घ्या, स्थलांतर घ्या. मी इथे शेतजमिनीच्या तुकड्यांचा घेते. वाटणीची भांडणं आपल्याकडे घरोघरी असल्यामुळे तो कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

सुरुवात १९१७ पासून करा. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी त्या वर्षी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी प्रसिद्ध केली. हो, तेच पिंपळे सौदागर, जिथे आज गुंठाभर जागा परवडत नाही. मॅन मुळात रसायनशास्त्रातले. त्यांच्या कोष्टकात १५६ जमीनधारकांचे ७२९ तुकडे आहेत. त्यातले ४६३ तुकडे एकराच्या आतले, आणि ११२ तर दहा गुंठ्यांच्याही आतले. दुसरा आकडा आणखी बोलका आहे: सरासरी धारणा, म्हणजे एका धारकाकडची जमीन, १७७१ मध्ये ४० एकर होती, ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली. असं कोष्टक समोर आलं की लगेच वहीत उतरवू नका. १७७१ म्हणजे पेशवाई. तेव्हाचा आकडा विसाव्या शतकातला साहेब कुठून आणणार? जुन्या दप्तरांतून. आणि दप्तर ठेवलं जातं ते सारा वसुलीसाठी. ज्याच्या नावावर जमीन, तोच दप्तरात दिसणार. बिनजमिनीचा माणूस या सरासरीत येतच नाही. वासाहतिक काळातला कोणताही अभ्यास वाचताना, मग ते गॅझेटियर असो की जनगणना, हे पहिलं काम: आकडा कोणी आणि कशासाठी गोळा केला ते शोधणं.

आता त्याच प्रश्नाला दुसरं कोण भिडलं ते पाहा. १९१८ साली डॉ. आंबेडकरांचा लहान धारणांवरचा निबंध अर्थशास्त्राच्या एका नियतकालिकात आला. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात तो आहे आणि आवर्जून वाचावा असा आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: शेत लहान की मोठं हे नुसत्या क्षेत्रफळावर ठरत नाही. बैल, अवजारं, भांडवल यांच्या प्रमाणात ते ठरतं. शेतीवर माणसांचा भार जास्त झालाय, तेव्हा तुकडे जोडत बसण्याने रोग बरा होणार नाही, उद्योग वाढवावे लागतील. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात लहान धारकांचं विधेयक आलं, तेव्हाही ते याच भूमिकेवरून बोलले. परीक्षेच्या उत्तरात आंबेडकरांना ‘दलितांचे विचारवंत’ या मथळ्याखाली वेगळं बसवलं जातं, ते मला कधीच पटलेलं नाही. इथे तर ते सरळ अर्थशास्त्रज्ञ म्हणून वाद घालतायत.

मग १९४७ मध्ये तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा आला. सरकारने कोणाचं ऐकलं, हे तुमचं तुम्हीच ठरवा. मात्र तेवढ्यावर ‘ज्ञान आणि सत्ता’ असा परिच्छेद ठोकून देऊ नका. आधी पुढची पायरी चढा. स्वातंत्र्यानंतर प्रश्न थोडा सरकला. जमीन किती तुकड्यांत आहे याच्या जोडीला ती कसतो कोण, हे विचारलं जाऊ लागलं. १९४८ चा मुंबई कुळकायदा प्रत्यक्षात कसा चालला, याची पाहणी अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी केली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने तो अहवाल १९५७ मध्ये छापला. कुळांनी ‘स्वखुशीने’ जमीन सोडल्याच्या नोंदी आणि गावातली खरी परिस्थिती यांतलं अंतर त्यात दिसतं. कागदावरची स्वखुशी पुरावा म्हणून न घेता तपासायची वस्तू म्हणून घेणं, हा माझ्या मते या शास्त्रांचा खरा विकास. विभाग किती निघाले यापेक्षा हे मोलाचं आहे.

पैशाचा माग काढायला सोपी जागा म्हणजे पुस्तकाची प्रस्तावना आणि आभाराचं पान. विद्यार्थी नेमकं तेच वगळतात. गोखले संस्था १९३० साली रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून उभी राहिली आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांनी ती घडवली. १९५० च्या दशकात नियोजन आयोगाची समिती जमीन सुधारणांच्या पाहण्यांना पैसा देऊ लागली. १९५० पासून राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली आणि अर्थशास्त्र्यांना आकड्यांची खाणच सापडली. १९६९ मध्ये भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद निघाली. पहिले अध्यक्ष पुन्हा गाडगीळच, सदस्य-सचिव जे. पी. नाईक. आभाराच्या पानावर देणगीदार, नियोजन आयोग, परिषद, परदेशी प्रतिष्ठान यांतलं कोण आहे ते टिपा आणि प्रश्नाची मांडणी त्याप्रमाणे बदलली का ते बघा. दर वेळी बदलत नाही. पैसे देणाऱ्याच्या तालावर संशोधक नाचतोच असं धरून चाललात तर वाचन आळशी होतं.

नियतकालिकांचे बांधीव अंक ऑनलाइन शोधण्याऐवजी जमेल तिथे हातात घ्या. १९४९ मध्ये सचिन चौधरींनी मुंबईतून ‘इकॉनॉमिक वीकली’ काढलं, १९६६ पासून ते ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ झालं. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा दारिद्र्यावरचा अभ्यास जानेवारी १९७१ च्या अंकांत दोन हप्त्यांत आला. रोज २२५० कॅलरी मिळायला किती खर्च लागेल, हे काढून त्यांनी रेषा मारली: १९६०-६१ च्या भावाने खेड्यात महिन्याला माणशी १५ रुपये, शहरात साडेबावीस. पीडीएफमध्ये तुम्हाला तेवढा लेख मिळतो. बांधीव अंकात मागेपुढे बँका, भाव, निवडणुका सगळं असतं आणि हा वाद कोणत्या गलक्यात चालला होता ते कळतं. निर्लेखनाच्या, म्हणजे ग्रंथालयातून काढून टाकायच्या पुस्तकांच्या, यादीत असे अंक दिसले तर आपल्या ग्रंथपालाशी भांडा. आम्हाला त्याची सवय असते.

मराठीतलं लेखन परिशिष्टात ढकलू नका. त्रिं. ना. आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ चा, म्हणजे मॅनच्या दोन वर्षं आधीचा. फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा. बलुतेदार, कुणबी, पाटील-कुलकर्णी यांचा व्यवहार आत्रे ज्या बारकाईने सांगतात, तो कोष्टकात मावणारा नाही. त्यांचे पूर्वग्रहही जागोजाग दिसतात, विशेषतः फिरस्त्या जमातींबद्दल. तेही नोंदवा.

शेवटी, कोण गाळलं गेलं ते शोधा. आपल्या प्रश्नापुरतं बोलायचं तर सातबाऱ्यावर बाईचं नाव किती ठिकाणी होतं, हे वर सांगितलेल्या अभ्यासांत हुडकून पाहा. १९७४ मध्ये स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या समितीचा अहवाल आला, आणि त्याच वर्षी एसएनडीटीत नीरा देसाईंनी स्त्री-अभ्यासाचं केंद्र सुरू केलं. त्यानंतरच्या अभ्यासांत हा प्रश्न कुठे उगवतो ते तारीखवार लावा.

टिपणं काढताना लेखकाच्या नावाने पान करू नका, उत्तराच्या नावाने करा. प्रत्येक पानावर साल, आकड्याचा उगम, खर्च कोणी केला, कोणत्या भाषेत छापलं आणि काय विचारलं नाही, एवढंच. अशी दहा-बारा पानं झाली की ती सालाप्रमाणे मांडा, आणि मग गाईडातली नावांची यादी शेजारी ठेवून कोण तिच्यात नाही ते पाहा. आत्रे नसतीलच. मॅनही बहुधा नसेल. मार्गदर्शकाने ‘यात थिअरी कुठाय?’ विचारलं तर आंबेडकरांचा १९१८ चा निबंध आणि १९५७ चा अहवाल त्यांच्यापुढे ठेवा आणि त्यांनाच वाचायला सांगा.