ट्रंकेतलं ‘बेबी’चं पत्र

आजोबांच्या ट्रंकेत एक निळं आंतर्देशीय पत्र सापडलं. खाली सही नुसती ‘आपली बेबी’. आमच्या घराण्यात बेबी तीन! पाठवणाऱ्याच्या पत्त्याचा कोपरा वाळवीने खाल्लेला. शिक्क्याचा फोटो काढून काँट्रास्ट वाढवला, तर इंग्रजी ‘पूना’ एवढंच उमटलं, तारीख गुल.

पत्त्यात पिनकोड नव्हता. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ला, पण तो न लिहिणारे आजही आहेत, म्हणजे पुरावा कच्चाच. मजकुरात मात्र होतं, ‘पाणी ओसरले, घरात गुडघाभर चिखल आहे, धरण फुटल्याचे ऐकून तुम्ही घाबरला असाल.’ हा पानशेतचा पूर, १२ जुलै १९६१. साल मिळालं.

आता कोणती बेबी? मी आधी आत्याच्याच मागे लागलो होतो, तिचं घरातलं नाव बेबी म्हणून. खरं तर उत्तर मायन्यातच होतं : ‘ति. स्व. आबांस, शि. सा. न. वि. वि.’ सख्खी मुलगी वडिलांना ‘तीर्थरूप’ लिहील. ‘ति. स्व.’ म्हणजे ‘तीर्थस्वरूप’, हे काका-मामांसाठी. आत्या बाद. म्हणजे पुतणी किंवा भाची. पुतणी बेबीचा जन्मच १९६३चा.

उरली आजोबांची भाची. तिच्या सुनेने तिच्या लोणच्यांच्या वहीचं एक पान व्हॉट्सअ‍ॅपवर धाडलं. ‘मोहरीची डाळ’मधल्या ‘ळ’ची शेपटी पार खालच्या ओळीत घुसलेली, थेट पत्रातल्या ‘काळजी नसावी’मधल्या ‘ळ’सारखी. पत्राची प्रत त्यांना दिली. मूळ कागद पुन्हा ट्रंकेत, या खेपेला डांबरगोळ्यांसकट.