२०० आला, पण डेटा आला का?

मॉनिटरिंगच्या कामावर नव्याने आलेल्याला पहिल्या आठवड्यात बहुधा एकच काम मिळतं: या दहा यूआरएल दर मिनिटाला तपासायच्या, डाउन झाल्या तर कळवायचं. सर्व्हरने उत्तरासोबत पाठवलेला स्टेटस कोड २०० (म्हणजे ‘ठीक’) आला की हिरवा दिवा, नाही तर लाल. हे दोन तासांत उभं राहतं, आणि सगळ्यांत महागात पडणारे बिघाड नेमके यातूनच निसटतात. डेटाबेस तुटला तरी २०० देऊन रिकामी यादी पाठवणारी सर्व्हिस, टोकनची (प्रवेशाच्या चावीची) मुदत संपल्यावर लॉगिन पेजकडे वळवणारी सर्व्हिस (तिथेही शेवटी २००च येतो), तीन दिवसांपूर्वीचा डेटा कॅशमधून देत राहणारी सर्व्हिस, या तिन्ही हिरव्याच दिसतात. २०० म्हणजे पाकीट पोचलं. आत काय आहे ते उघडूनच पाहावं लागतं.

सरावासाठी यूएसजीएस या अमेरिकी संस्थेचा भूकंपांचा सार्वजनिक फीड फार चांगला. टोकन लागत नाही, आणि शिकण्यासारखं सगळं त्यात आहे. ‘ऑल अवर’ फीडमध्ये मागच्या तासाभरातले भूकंप जिओजेसन (नकाशाच्या डेटासाठीचं जेसन, म्हणजे नाव आणि किंमत अशा जोड्यांचा मजकूर) स्वरूपात मिळतात आणि तो दर मिनिटाला नव्याने तयार होतो. वरच्या ‘मेटाडेटा’त ‘जनरेटेड’ ही वेळ आणि ‘काउंट’ हा आकडा असतो. खाली ‘फीचर्स’ या यादीत प्रत्येक भूकंपाची तीव्रता, ठिकाण, वेळ आणि निर्देशांक असतात. दुसऱ्याच्या सर्व्हिसवर सराव करताना मिनिटाला एकापेक्षा जास्त विनंत्या पाठवू नका. फीडच मिनिटाला बदलतो, त्यामुळे त्याहून घाई करून हाती काहीच लागत नाही.

सुरुवात कर्ल या कमांडपासून (ती यूआरएलला विनंती पाठवते) करा, पण त्याचे डीफॉल्ट नीट समजून घ्या. सर्व्हरने ५०० (सर्व्हरमधली चूक) दिला तरी कर्ल एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा, ० म्हणजे यश) ० देतो, कारण त्याच्या दृष्टीने उत्तर मिळालेलं असतं. ‘फेल’ हा पर्याय लावला की ४०० आणि त्यापुढच्या कोडसाठी २२ येतो. ३०१ आणि ३०२ (दुसऱ्या पत्त्याकडे वळवणारे कोड) मात्र तेव्हाही चूक धरले जात नाहीत, म्हणून स्टेटस कोड वेगळा छापून घ्या आणि तो बरोबर २०० आहे का ते पाहा. दुसरी गोष्ट ‘मॅक्स टाइम’ची. हा पर्याय दिला नाही तर एकूण वेळेला मर्यादाच नसते. सर्व्हिस लटकली की स्क्रिप्टही लटकते, क्रॉन (ठरल्या वेळी कमांड चालवणारा प्रोग्राम) दर मिनिटाला नवी सुरू करतो, आणि तासाभरात मॉनिटरिंगच्या मशीनवर साठ प्रोसेस अडकून बसतात. १० सेकंद पुरेसे असतात. एक्झिट कोड पाठ होतील इतके कामाचे आहेत: ६ म्हणजे डीएनएसमध्ये (नावावरून सर्व्हरचा पत्ता देणाऱ्या यंत्रणेत) नाव सापडलं नाही, ७ म्हणजे कनेक्शन झालं नाही, २८ म्हणजे टाइमआउट, ६० म्हणजे सर्टिफिकेट पडताळता आलं नाही. अलर्टमध्ये नुसतं ‘डाउन’ न लिहिता हा आकडा लिहिला, तर रात्री उठलेल्या माणसाची पहिली पाच मिनिटं वाचतात.

कर्लने दिलेल्या वेळा वाचताना नवखे हमखास चुकतात. या वेळा टप्प्याटप्प्याच्या नसतात, प्रत्येक वेळ सुरुवातीपासून मोजलेली असते. समजा नाव शोधणं ०.०२, कनेक्शन ०.०८, टीएलएस (सुरक्षित जोडणी) ०.२०, पहिला बाइट १.९० आणि एकूण १.९५ सेकंद असं आलं. यांची बेरीज करायची नाही, वजाबाकी करायची: टीएलएस झाल्यापासून पहिल्या बाइटपर्यंत १.७० सेकंद गेले. म्हणजे नेटवर्क बहुतेक ठीक आहे, सर्व्हर विचार करत बसला होता.

आता बॉडी, म्हणजे उत्तरातला मजकूर. कर्लचं आउटपुट पाइपने सरळ जेक्यूत (जेसन वाचणाऱ्या कमांडमध्ये) सोडायचा मोह होतो. पण शेल पाइपमधल्या शेवटच्या कमांडचाच एक्झिट कोड देतो. कर्ल पडला तरी जेक्यूला रिकामा इनपुट मिळतो, तो काही छापत नाही आणि ० देऊन मोकळा होतो. बॅश या शेलमध्ये ‘पाइपफेल’ लावून हे सुटतं, तरी बॉडी आधी फाइलमध्ये उतरवणं जास्त बरं. चेक पडला की तीच फाइल पुरावा म्हणून हाताशी राहते. आणि जेसनवर ग्रेप (शब्द शोधणारी कमांड) चालवू नका. ‘ओके’ हा शब्द ‘नॉट ओके’मध्येही सापडतो.

जेक्यूने पहिल्यांदा रचना पाहा: वरचा ‘टाइप’ हा ‘फीचरकलेक्शन’ आहे का, आणि ‘काउंट’ हा ‘फीचर्स’च्या लांबीइतका आहे का. ही दुसरी तुलना एका ओळीची आहे आणि अर्धवट तयार झालेला डेटा ती ताबडतोब पकडते.

मग ताजेपणा. मला विचाराल तर एकच तपासणी लिहायची मुभा असेल तर हीच लिहावी. ‘जनरेटेड’ची वेळ मिलिसेकंदांत असते आणि जेक्यूचं ‘नाऊ’ सेकंदांत. १००० ने भागायचं विसरलं की डेटा भविष्यातला दिसतो, डेटाचं वय (आत्ताची वेळ वजा ‘जनरेटेड’) ऋण येतं, आणि ‘वय ३०० पेक्षा जास्त असेल तर अलर्ट’ ही अट कधीच खरी होत नाही. चेक कायमचा हिरवा राहतो. म्हणून वय ऋण आलं तरी अलर्ट द्या (घड्याळातल्या फरकासाठी थोडे सेकंद सोडून). मर्यादा ठरवताना नव्याने तयार होण्याच्या अंतराची काही पट धरा. फीड मिनिटाचा असेल तर ५ मिनिटांना सूचना आणि १५ ना गंभीर. ७० सेकंदांवर ठेवलीत तर विनाकारण वाजत राहील आणि आठवड्याभरात सगळे तो अलर्ट म्यूट करतील. काही सर्व्हिस वेळ देतात पण टाइमझोन देत नाहीत. तिथे वय १९,८०० सेकंदांच्या आसपास आलं तर डेटा शिळा नाही, यूटीसी आणि भारतीय वेळेतला साडेपाच तासांचा फरक आहे.

शेवटी आकडे पटण्याजोगे आहेत का ते पाहा. हे काम विषय समजल्याशिवाय जमत नाही. ‘तीव्रता शून्यापेक्षा जास्त हवी’ ही अट सरळ वाटते, पण अगदी लहान धक्क्यांची तीव्रता ऋण असू शकते, आणि कधी ती नलही (किंमतच नसलेली) येते. निर्देशांकांचा क्रम आधी रेखांश, मग अक्षांश, मग खोली असा असतो. कोयनानगर साधारण ७३.७, १७.४. कोणी हे उलटं वाचलं तर बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातो, आणि ‘अक्षांश ९० च्या आत’ ही अट तरीही पास होते, कारण ७३.७ हाही वैध अक्षांश आहे. जपानच्या १३९ वर ती पकडली गेली असती. म्हणून मर्यादा तपासण्यापेक्षा माहीत असलेल्या एखाद्या नोंदीशी ताडून पाहणं जास्त खात्रीचं.

रिकाम्या यादीचंही तसंच. ‘सिग्निफिकंट अवर’ हा मोठ्या भूकंपांचा फीड बहुतेक वेळ रिकामाच असतो, आणि ते बरोबर आहे. ‘ऑल अवर’ रिकामा आला तर मात्र शंका घ्या, कारण अलास्का आणि कॅलिफोर्नियातले लहान धक्के त्यात सतत येत असतात. रिकामं म्हणजे बिघाड की शांतता, हे प्रत्येक एंडपॉइंटसाठी (तपासायच्या पत्त्यासाठी) त्याच्या मालकाला विचारून लिहून ठेवा.

हे नागिओस या मॉनिटरिंगच्या साधनात लावताना एक्झिट कोड ० ठीक, १ सूचना, २ गंभीर आणि ३ अज्ञात. ३ वापरायला शिका: जेक्यू सापडला नाही, डिस्क भरली, म्हणजे चेकच चालला नाही, तेव्हा सर्व्हिसला दोष देऊ नका. टर्मिनलवर चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमधून १२७ (कमांड सापडली नाही) देत असेल तर आधी पाथ (कमांड जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांची यादी) बघा, क्रॉनचा पाथ तोकडा असतो. प्रोमिथियस या मॉनिटरिंगच्या दुसऱ्या साधनावर ब्लॅकबॉक्स एक्स्पोर्टर (सर्व्हिस बाहेरून तपासून निकाल देणारा प्रोग्राम) वापरत असाल तर अलर्ट ‘अप’वर लावू नका. ‘अप’ १ म्हणजे एक्स्पोर्टरने उत्तर दिलं इतकंच, तपासलेली सर्व्हिस पडलेली असली तरी. लक्ष ‘प्रोब सक्सेस’वर हवं. एक्स्पोर्टर रिडायरेक्टच्या मागे आपणहून जातो, म्हणून बॉडीवर रेजेक्सची (मजकुराच्या नमुन्याची) अट घाला. नाहीतर लॉगिन पेजही पास होतं. सलग तीन वेळा पडल्यावरच माणसाला उठवा.

चेक लाइव्ह करण्यापूर्वी तो मुद्दाम पाडून पाहा. एक चांगला रिस्पॉन्स फाइलमध्ये ठेवा आणि त्याच्या बिघडवलेल्या पाच प्रती करा: रिकामी, एचटीएमएल असलेली, मध्येच तुटलेली, ‘काउंट’ एकने वाढवलेली, ‘जनरेटेड’ एक दिवस मागे नेलेली. प्रत्येकीवर स्क्रिप्ट चालवा आणि कोड ताडा. एखादीवर ० आला तर ती तपासणी नाहीच असं समजा. आणि स्क्रिप्ट दर फेरीला शेवटचं चालल्याची वेळ वेगळ्याच मशीनवर नोंदवत राहील, पाच मिनिटं नोंद आली नाही की ते मशीन आवाज करेल, एवढी सोय पहिल्याच दिवशी करून ठेवा.