छोटा स्कूबा सिलिंडर विमानातून नेताना
अंदमानला निघताना तीन लिटरचा छोटा सिलिंडर सोबत न्यायचा मोह होतो. पण विमानात तो रिकामाच लागतो. दाब दाखवणाऱ्या काट्यावर शून्य दिसतंय एवढ्यावर तपासणीवाल्याचं समाधान होईलच असं नाही. व्हॉल्व्ह काढून आत बॅटरी मारता आली, तर वाद मिटतो. हे काम घरी पाना घेऊन करू नका, डाइव्ह शॉपमधून करून घ्या आणि जादा ओ-रिंग (व्हॉल्व्हच्या सांध्यातली रबरी कडी) जवळ ठेवा. खरं तर तिथे भाड्याने घेणंच सोपं. रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासासाठी तोंडाशी देणारं उपकरण) हातातल्या बॅगेत, सुरी मात्र चेक-इनमध्येच. टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्ये, टोकांना चिकटपट्टी लावून. परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तासांनी.